नॉर्स पुराणांवरून डार्क लव्हस्टोरी लिहायचीय? आधी किंमत ठरवा

आइसलंडमध्ये एक जुनं हस्तलिखित आहे, कोडेक्स रेगियस नावाचं. १२७० च्या आसपास कातड्याच्या पानांवर लिहिलेलं, आणि नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, देवांच्या नि वीरांच्या बहुतेक कविता आपल्यापर्यंत आल्या त्या या एका वहीमुळे. ती कित्येक वर्षं डेन्मार्कच्या राजाकडे होती, १९७१ साली जहाजातून परत आली तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर लोक गर्दी करून उभे होते. त्या वहीतली ४५ पानं शिल्लक आहेत आणि ८ गायब. आता गायब कुठली, तर सिगुर्द आणि ब्रुनहिल्डच्या गोष्टीतली, जिथे शपथा घेतल्या जातात आणि मग मोडतात, नेमकी तिथली. पुढं काय झालं ते नंतरच्या गद्य गोष्टींमधून कळतं पण त्या कविता गेल्या त्या गेल्याच. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला झोप लागली नाही, प्रेमाचीच पानं हरवावीत म्हणजे काय! दुसऱ्या दिवसापासून मी या गोष्टींच्या मागे लागले ती आजतागायत.

आमच्याकडे कोथरूडला दर रविवारी सकाळी सात-आठ मुलंमुली जमतात, अकरावीपासून सेकंड इयरपर्यंतची, हॉलमध्ये सतरंजीवर बसून आपापलं लिहिलेलं वाचतात. गेल्या दोन वर्षांत त्यातल्या निम्म्या पोरांना हेच लिहायचंय, नॉर्स देव, बर्फ, शाप, आणि मधोमध एक प्रेमकथा जिचं काही खरं नाही. इंग्लिशमध्ये भरपूर वाचून झालेलं असतं, मराठीत लिहायला बसलं की गाडी अडते. त्यांना तोंडी सांगून सांगून जे जमा झालं ते इथे लिहून काढतेय, म्हणजे बाकीच्यांनाही होईल.

पहिलं काम वाचायचं, आणि मुळातलं वाचायचं. रील्स आणि पिक्चरमधून उचललेला लोकी, तो कारस्थानी देव, घेऊन बसलात तर तुमची गोष्ट त्या पिक्चरची सावली होणार. मुळातलं म्हणजे दोन गोष्टी: पोएटिक एडा, म्हणजे त्या हस्तलिखितातल्या कविता, आणि प्रोज एडा, म्हणजे गद्यातली, जी आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननं १२२० च्या सुमारास लिहिली. कवितांचं बेलोजनं केलेलं १९२३ चं आणि प्रोज एडाचं ब्रोडरनं केलेलं १९१६ चं इंग्लिश भाषांतर नेटवर फुकट मिळतं. भाषा जुनाट आहे, पण रोज दोन पानं वाचली तरी महिन्याभरात डोक्यात नकाशा तयार होतो. एक लक्षात ठेवा, आइसलंड ख्रिश्चन झालं १००० सालाच्या सुमारास आणि स्नोरी लिहितोय त्यानंतर दोनशे वर्षांनी, त्यामुळे तो आपल्या आजोबा-पणजोबांनी सोडून दिलेल्या देवांबद्दल लिहितोय. कवितेत एक आणि स्नोरीत दुसरंच असं बऱ्याच ठिकाणी होतं. पोरं घाबरतात, की मग खरं कुठलं? अरे, आपण पुण्यात राहतो, भांडारकर इन्स्टिट्यूटमध्ये १९१९ ते १९६६ माणसं महाभारताच्या पोथ्या समोरासमोर ठेवून पाठभेद लावत बसली होती! पुराणाला एकच पाठ नसतो हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. दोन पाठांमध्ये जी फट असते ना, तिथेच तुमची गोष्ट बसते.

आता मुद्द्याचं. या पुराणांचा काळोख रक्तात नाही, लांडग्यांत नाही, काळ्या झग्यातल्या देखण्या मुलात तर नाहीच नाही. काळोख यात आहे की इथे प्रत्येकाला शेवट आधीपासून माहितीये आणि प्रत्येक गोष्टीची किंमत शरीरातून द्यावी लागते. ओडिननं, म्हणजे देवांच्या म्होरक्यानं, मीमिरच्या ज्ञानाच्या विहिरीतलं एक घोट पाणी प्यायला डोळा दिला. फेनरिर लांडग्याला बांधता यावं म्हणून टीर नावाच्या देवानं त्याच्या जबड्यात हात ठेवला आणि तो हात गेला. ओडिन रून, म्हणजे त्यांची जादूची जुनी अक्षरं, शिकायला झाडावर नऊ रात्री लटकला, अंगात भाला खुपसलेला, भाकरी नाही पाणी नाही. किंमत चुकवली आणि मग सगळं ठीक झालं असंही नाही, तरी शेवट येणारच आहे. म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारते, तुझी हिरॉइन काय देणार? कुणासाठी देणार हे नंतर बघू, आधी काय देणार ते सांग. "ती तिचं सर्वस्व देते" हे उत्तर चालणार नाही, सर्वस्व दिसत नाही. डोळा दिसतो, हात दिसतो. आवाज, आजीचा चेहरा आठवण्याची ताकद, डाव्या कानानं ऐकू येणं, असलं काहीतरी ठरवा, आणि ते गेल्यावर पुढच्या प्रत्येक सीनमध्ये ते गेलेलं असलं पाहिजे. तिसऱ्या चॅप्टरला डावा कान गेला आणि सातव्या चॅप्टरला तो तिच्या डाव्या कानात कुजबुजला असं आमच्याकडे एका ड्राफ्टमध्ये झालं होतं, ऐकताना कुणाच्या लक्षात आलं नाही, घरी जाऊन मुलीनं स्वतःच पकडलं. आणि मग तिनं तोच सीन ठेवला! तो कुजबुजतो, तिला ऐकूच येत नाही, त्यानं काय सांगितलं ते वाचकालाही कधी कळत नाही. इतका चांगला सीन तिच्या अख्ख्या गोष्टीत दुसरा नव्हता.

प्रेमाची किंमत कशी मांडायची हे बघायला फ्रेयर आणि गेर्दची गोष्ट वाचा. फ्रेयर हा देव ओडिनच्या उंच आसनावर बसतो, जिथून सगळी जगं दिसतात, आणि लांब राक्षसांच्या मुलखात एका अंगणात चालणारी गेर्द त्याला दिसते, तिच्या दंडांच्या उजेडानं हवा आणि समुद्र उजळलेले. झालं, हा जेवेना, बोलेना. मग त्याचा माणूस स्किरनिर तिला मागणी घालायला निघतो आणि बदल्यात मागतो फ्रेयरची तलवार. फ्रेयर देऊन टाकतो. आणि जगाच्या शेवटी, रॅग्नरॉकला, आगीचा राक्षस सुर्त समोर उभा राहतो तेव्हा फ्रेयरच्या हातात तलवार नसते. बघा, प्रेमात पडला त्या दिवशीच मरण ठरलं, फक्त हप्ता लांबचा होता. प्लॉट म्हणून याहून घट्ट काय पाहिजे?

पण याच गोष्टीत खड्डाही आहे आणि तो ओलांडून जाऊ नका. गेर्द नाही म्हणते. सोन्याची ११ सफरचंदं नको म्हणते, द्राउपनिर नावाची अंगठी नको म्हणते. मग स्किरनिर तिला मारायची धमकी देतो, बापाला मारायची धमकी देतो, शेवटी रून कोरून शाप द्यायला लागतो की तुला कुणी नवरा मिळणार नाही, तू कुजत राहशील, आणि तेव्हा ती हो म्हणते. आता हे जसंच्या तसं उचलून त्यावर गुलाबी रंग फासला तर आपण पंधरा वर्षांच्या मुलीला काय सांगतोय, की धमकी म्हणजे प्रेमाची खोली? मला हे मान्य नाही आणि मी यावर वाद घालते. आपल्याकडे रोज क्लासच्या बाहेर उभा राहणारा, नाही म्हटल्यावर हात कापून घेईन म्हणणारा मुलगा कितीतरी मुलींनी खऱ्या आयुष्यात बघितलेला असतो. त्याच मुलाला शिंगं नि शाप लावून हिरो करू नका. या गोष्टीत तुमच्या कामाची जागा दुसरीकडे आहे, गेर्दनं नऊ रात्रींनंतर बार्रीच्या राईत भेटायचं कबूल केलंय आणि कविता तिथेच संपते, ती भेट कवितेत नाहीच. त्या नऊ रात्री गेर्द काय करत होती? तिच्या बाजूनं लिहा. धमकी ही धमकीच राहू दे, आणि मग ती काय ठरवते ते बघा.

वयाचंही आत्ताच सांगून टाकते. हिरॉइन सतराची आणि हिरो हजार वर्षांचा देव ज्यानं अख्खं जग बघितलंय, हे मला पटत नाही, त्यात बरोबरी नाही. दोघांनाही सतरा-अठराच ठेवा, प्रेम हातात हात, वाट बघणं, एका घोंगडीत शेकोटीपुढे बसणं इथपर्यंत ठेवा. त्यानं गोष्ट पुळचट होत नाही. हिरो या जगातला नको असेल तर अमर करण्यापेक्षा त्याला मेलेला करा, सतराव्या वर्षी मेलेला. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, त्या जुन्या हस्तलिखितातच मेल्यावर परत येणाऱ्या हिरोची एक गोष्ट आहे.

हेल्गी आणि सिग्रुन. ती वाल्किरी आहे, म्हणजे लढाईत मरणारे वीर निवडणारी, घरच्यांनी दुसऱ्याशी ठरवलंय, ती हेल्गीकडे येते. त्या लग्नापायी लढाई होते आणि हेल्गीच्या हातून तिचा बाप मरतो, एक भाऊ मरतो. दुसरा भाऊ दाग वाचतो, शपथ घेतो की आता वैर संपलं, आणि मग ओडिनकडून भाला घेऊन हेल्गीला मारतो. सिग्रुन भावाला शाप देते की तुझं जहाज चालणार नाही, घोडा पळणार नाही, तुझी तलवार तुझ्याच डोक्याभोवती फिरेल. मग एका संध्याकाळी दासी सांगत येते की हेल्गी मेलेल्या स्वारांबरोबर आपल्या थडग्याच्या टेकाडावर आलाय. सिग्रुन आत जाते. त्याच्या केसांवर हिमाचा थर, अंग रक्तानं भिजलेलं, हात गार. ती विचारते हे असं का, आणि तो म्हणतो, तुझ्यामुळे. तू रोज झोपण्याआधी रडतेस, आणि तुझा एकेक अश्रू माझ्या छातीवर रक्त होऊन पडतो.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, कारण हे मला माहिती होतं. माझे आजोबा गेले तेव्हा मी सोळाची होते. दहाव्याला घाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. पाऊण तास. समोरच्या भिंतीवर तीन कावळे, मान वाकडी करून बघतायत पण खाली येत नाहीत. काका हात जोडून म्हणाले, आईला आम्ही सांभाळू, काळजी नको. काही नाही. धाकटे काका म्हणाले, जमिनीवरून भांडणार नाही. काही नाही. गुरुजी दर्भाच्या कावळ्याची तयारी करायला लागले. मग आत्या पुढे झाली आणि अगदी हळू म्हणाली, दादा, तुमची पेटी आम्ही विकणार नाही. एक कावळा उतरला. त्या पाऊण तासात भीती, प्रेम, अपराधीपणा सगळं एकत्र होतं आणि कुणी ओरडत नव्हतं, कुणाच्या अंगावर रक्त नव्हतं. आपल्याकडेही म्हणतातच, गेलेल्या माणसासाठी फार रडू नये, त्याचा जीव अडकतो. काळोख म्हणजे हे. ओडिनच्या खांद्यावर ह्युगिन आणि म्युनिन हे दोन कावळे बसतात, त्यांच्याबद्दल लिहायच्या आधी एखाद्या दहाव्याला तुम्हाला काय वाटलं होतं ते आठवा, मग लिहा.

पण आठवा म्हणजे तिकडे नेऊन टाका असं नाही. दर्भ, पिंड, गुरुजी हे तुमच्या उत्तरेच्या गोष्टीत येता कामा नये, आणि वाल्किरी शनिवारवाड्यावर उतरवायचा मोहही आवरा, दोन्ही जगं पातळ होतात. आपल्या घरातली भावना घ्यायची, वस्तू त्यांच्या ठेवायच्या.

याच पद्धतीनं नॉर्न समजून घ्या. उर्द, वेरदांदी आणि स्कुल्ड या तिघी इग्द्रासिल झाडाच्या मुळाशी विहिरीजवळ असतात, मूल जन्मलं की येऊन त्याचं नशीब ठरवतात, हेल्गी जन्मला त्या रात्रीही येऊन त्यांनी धागे विणले. इंग्लिश वाचणाऱ्याला हे समजावून घ्यावं लागतं, आपल्याकडे पाचवीला पाटावर कोरा कागद नि पेन ठेवतात, सटवाई रात्री येऊन कपाळावर लिहून जाते. माझ्या आईनं माझ्या भाचीच्या वेळी ठेवलं होतं आणि सकाळी सगळ्यांनी त्या कोऱ्या कागदाकडे एकदा तरी बघितलंच. ती जी नजर आहे ना, काहीतरी लिहिलंय पण आपल्याला दिसत नाही, ती तुमच्या हिरॉइनच्या आईला द्या.

आणि नऊ रात्री! नऊ हा आकडा या पुराणात जिथं तिथं आहे. ओडिन नऊ रात्री लटकतो, गेर्द नऊ रात्री मागते, मेलेल्या बाल्डर देवाला परत आणायला हेरमोद स्लेइपनिर घोड्यावर बसून नऊ रात्री अंधाऱ्या दऱ्यांतून हेलच्या, म्हणजे मेलेल्यांच्या मुलखाच्या, दाराशी जातो, न्योर्द आणि स्कादी हे न पटणारं जोडपं नऊ रात्री तिच्या डोंगरात नि मग त्याच्या समुद्राकाठी राहून बघतं, तिला पक्ष्यांच्या ओरडण्यानं झोप येत नाही, त्याला लांडग्यांच्या. ज्याच्या घरी घट बसतो त्याला नऊ रात्रींची लय शिकवायला लागत नाही, रोज एक माळ चढते, मातीतलं धान रोज थोडं वर येतं, दिवा विझू द्यायचा नाही. गोष्टीची बांधणी अशीच करा, नऊ रात्री नऊ चॅप्टर, प्रत्येक रात्री एक गोष्ट वाढते आणि एक गोष्ट जपावी लागते. नवीन लिहिणाऱ्यासाठी हा फार चांगला सांगाडा आहे, कारण शेवटची तारीख वाचकाला पहिल्या पानावर माहिती असते आणि तुम्हाला मधेच भरकटता येत नाही.

जादूचं काय करायचं हा पोरांचा आवडता विषय, तासभर त्यावरच बोलतात, लेव्हल काय, पॉवर काय. मी त्यांना ग्लेइपनिरची गोष्ट सांगते. फेनरिर लांडग्यानं दोन जाड साखळ्या तोडल्या, मग बुटक्यांनी रेशमासारखी मऊ फीत बनवली, सहा गोष्टींपासून: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. आणि स्नोरी म्हणतो, म्हणूनच मांजर चालताना आवाज येत नाही, बाईला दाढी नसते. म्हणजे जादू फुकट नाही, ती केली की जगातून काहीतरी कायमचं कमी होतं. हा एक नियम धरला की तुमची सगळी जादू आपोआप काळोखी होते. आमच्या एका मुलानं लिहिलं, हिरॉइन मेलेल्या मित्राला थडग्याशी रोखून धरायला दोर विणते, त्यात हाक मारल्यावर परत येणारा आवाज वापरते, म्हणून त्या खोऱ्यात आजही प्रतिध्वनी नाही. मी ते ऐकून गप्पच बसले. शेवटी ती त्याला हाक मारते आणि काहीच परत येत नाही, तिच्या स्वतःच्या आवाजासकट.

आता थंडी. बहुतेकांनी बर्फ पाहिलेला नसतो, मनालीला एकदा जाऊन फोटो काढले असतील तेवढंच, आणि मग ड्राफ्टमध्ये "हाडं गोठवणारी थंडी" पाच वेळा येते. एका मुलीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये असं होतं: त्याचे डोळे हिमनदीसारखे निळे होते, त्याच्या स्पर्शानं तिच्या अंगावर शहारा आला. तिला म्हटलं, जानेवारीत पहाटे सहाला वेताळ टेकडीवर जा, स्वेटर न घालता दहा मिनिटं बस, आणि परत येऊन फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे ओल्या बोटांनी धर, बोटं चिकटतात तेव्हा काय होतं ते लिही. खोबरेल तेलाची बाटली थंडीत गोठते, ती कोमट पाण्यात ठेवल्यावर कडेनं आधी कशी सुटते ते बघ. तिनं चार वेळा लिहिलं. पाचव्यांदा तिनं वाचलं ते असं होतं: "तिनं त्याच्या केसांवरचं हिम झटकलं. तिच्या तळव्यावर आलं ते वितळलं. त्याच्या केसांतलं तसंच राहिलं." बस. तो मेलेला आहे हे कुठंही म्हटलेलं नाही, थंडी हा शब्द नाही, शहारा नाही. सतरंजीवर कुणी हललं नाही.

वेताळ टेकडीचं नाव निघालंच आहे तर, ओडिनला फाशी गेलेल्यांचा देव म्हणतात, तो रून कोरून झाडावरच्या मढ्याला बोलतं करतो. झाडाला उलटा लटकलेला, मढ्यात शिरून गोष्टी सांगणारा वेताळ आपल्याला लहानपणापासून माहितीये. ओडिन म्हणजे पांढऱ्या दाढीचा प्रेमळ आजोबा नव्हे हे समजायला आपल्याला पिक्चर बघणाऱ्यांपेक्षा कमी वेळ लागायला हवा.

बाकी तपशील पटापट. हिवाळ्यात दिवस किती मोठा ते बघा, रेक्याविकला डिसेंबर अखेर सूर्य जेमतेम चार तास असतो, त्यामुळे "सकाळी सात वाजता ऊन पडलं" लिहू नका. खाणं म्हणजे सुकवलेला मासा, मेंढीचं मटण, स्कीर, जे आपल्या चक्क्याच्या जवळचं असतं. शिंगांची शिरस्त्राणं नकोत, ती १८७६ च्या एका जर्मन ऑपेराच्या कपडेपटामुळे लोकांच्या डोक्यात बसली, व्हायकिंग लोक तसली घालत नव्हते. सूर्य तिकडे बाई आहे आणि चंद्र पुरुष, दोघांच्या मागे लांडगे लागलेत. ग्रहण आलं की आपल्याकडे "दे दान सुटे गिरान" ओरडत माणसं फिरायची, तसा त्यांचा लांडगा.

रून वापरताना मात्र सांभाळा. जुनी लिपी २४ अक्षरांची आहे आणि व्हायकिंग काळातली १६ अक्षरांची, गोष्ट ज्या काळातली ती लिपी घ्या. आणि कव्हरवर काहीही छापायच्या आधी तपासा. माझ्या पहिल्या कथेच्या कव्हरसाठी डिझायनरनं नेटवरून एक छान दिसणारी रून उचलली, ओथाला, मीही हो म्हटलं, आणि नंतर जर्मनीत राहणाऱ्या मैत्रिणीचा मेसेज आला की हे चिन्ह नाझींच्या एसएस या सशस्त्र दलानं वापरलेलं आहे आणि आजही वर्णद्वेषी गट वापरतात. रातोरात कव्हर बदललं. अर्थ माहीत नसलेलं अक्षर मी तेव्हापासून वापरत नाही.

नावं देवनागरीत कशी लिहायची ते सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा आणि बदलू नका. थॉर लिहा, थोर लिहिलंत तर मराठीत भलताच अर्थ होतो, "थोर आला" म्हणजे कोण आला? तिकडे आडनाव नसतं, बापाच्या नावापुढे सोन नाहीतर दोत्तिर लागतं, आणि लोकीला तर आईच्या नावानं ओळखतात, लाउफेयचा मुलगा. हे वापरा, यातून नाती कळतात. सिंहासन, महाराणी, दरबार, मुजरा हे शब्द मात्र टाळा, आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी ते इतके वापरलेत की तुमचा बर्फातला जार्ल, म्हणजे तिकडचा सरदार, लगेच फेटा बांधून बसतो. लांबडं घर, चूल, घोंगडी, होडी, वैर, शपथ, साधे शब्द घ्या.

आणि मराठीत तुमच्याकडे एक हत्यार आहे जे इंग्लिशमध्ये लिहिणाऱ्याकडे नाही, तू आणि तुम्ही. आपण देवाला तू म्हणतो, जनाबाई विठोबाला तू म्हणून वर शिव्याही घालते, त्यामुळे तुमची हिरॉइन ओडिनसमोर उभी राहून तू म्हणाली तर मराठी वाचकाला ते उद्धट वाटत नाही, जवळचं वाटतं. उलट थडग्यातून आलेल्या अनोळखी मुलाला ती पहिल्या रात्री तुम्ही म्हणेल. पहिल्या रात्री, "तुम्ही इथलेच?" तिसऱ्या रात्री नुसतं, "आलात." आणि पाचव्या रात्री तो उशिरा येतो तेव्हा, "कुठे होतास?" तो सीन तिथेच तोडा, कुणीतरी कुणाच्या तरी प्रेमात पडलं हे वेगळं लिहायची गरज नाही. फक्त हा बदल चुकून आधी कुठे झालेला नाही ना ते सगळा ड्राफ्ट चाळून बघा, आम्ही तर फाईलमध्ये तुम्ही शब्द सर्च करून एकेक तपासतो.

शेवटाबद्दल फार वाद होतात. सुखी शेवट करायचा की नाही? रॅग्नरॉकनंतर काय होतं ते बघा, देव मेले, सूर्य गिळला गेला, जमीन समुद्रात बुडाली. मग ती परत वर येते, हिरवी. लीफ आणि लीफथ्रासिर ही दोन माणसं एका राईत लपून, पहाटेचं दव पिऊन वाचलेली असतात. आणि उरलेल्या देवांना गवतात आपल्या जुन्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. सगळं गेल्यावर सोंगटी सापडणं हा सुखी शेवट म्हणायचा की दुःखी, मला अजून सांगता येत नाही, पण टीनएजर वाचकाला याच्या अलीकडे सोडू नका एवढं मी म्हणेन, हातात निदान एक सोंगटी द्या. सगळे मेले नि अंधार झाला, संपलं, असा शेवट लिहायला सोपा असतो आणि चौदा वर्षांचं एखादं पोर तो रात्री एकटं वाचत असतं.

हिमाचा सीन लिहिणाऱ्या त्या मुलीचे दोन शेवट तयार आहेत. सिग्रुनसारखीच तिची हिरॉइन दुसऱ्या संध्याकाळी टेकाडावर जाऊन बसते आणि तो येत नाही. एका शेवटात ती रडते, जाणूनबुजून, त्याला दुखेल हे माहिती असून, म्हणजे तो निदान ओरडायला तरी येईल. दुसऱ्यात ती रडू आवरते, घरी जाते, आणि सकाळी भावाच्या दारात उभी राहते. येत्या रविवारी ती दोन्ही वाचून दाखवणारे.